सहा आठवड्यांची सबुरी
थायरॉइडची पन्नासची गोळी सुरू झाली, की पंधरवड्यातच तक्रार येते: थकवा तसाच, केस गळतातच. मग शेजारच्या वहिनींना शंभरची चालते म्हणून आपणही वाढवायची, हा उद्योग घरोघरी चालतो आणि मला त्याची खरंच भीती वाटते. रक्तातलं लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे या गोळीतलं औषध, निम्मं व्हायलाच साधारण 7 दिवस लागतात. पातळी स्थिरावायला महिना-सव्वा महिना जातो आणि रक्ततपासणीत पाहतात तो टीएसएच त्याच्याही मागून येतो. म्हणून तपासणी 6 ते 8 आठवड्यांनी. गरोदर बाईची गोष्ट वेगळी, तिची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते, तिथे थांबून चालत नाही. हृदयविकार असलेल्या आजोबांना मात्र 12.5 किंवा 25 पासूनच हळूहळू चढवत नेतात. डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी घरातली सकाळ विचारावी: गोळी चहाच्या घोटाबरोबर जाते का, कॅल्शियमची आणि लोहाची गोळी त्याच मुठीत असते का? उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहाआधी अर्धा-एक तास, कॅल्शियम आणि लोह 4 तासांनी, एवढं पाळलं तरी काहींचा टीएसएच त्याच डोसवर खाली येतो. गरजेपेक्षा जास्त घेतलं, तर छातीत धडधडतं, पाळी गेलेल्या बायकांची हाडं झिजतात.