बीट, गूळ आणि चहा

यंदा गौरीजेवणाला माझ्या मावसबहिणीचा रिपोर्ट पंगतीत फिरला. हिमोग्लोबिन ८.४. झालं, सगळ्यांची वैद्यकी सुरू! काकू म्हणाली बीट, आत्या म्हणाली डाळिंब, मामा म्हणाले गूळ-शेंगदाणे. आणि शेवटी नेहमीचा निकाल: "खातच नाही नीट, मग रक्त कुठून येणार?" बिचारी गप्प बसली. पाहुणे होते म्हणून मी तेव्हा वाद घातला नाही. आता इथे घालते. तुम्ही सगळे वाचता हे ठाऊक आहे, म्हणूनच.

मंडळी, बीट लाल दिसतं ते त्यातल्या रंगद्रव्यामुळे, लोहामुळे नव्हे. शंभर ग्रॅम बिटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम. रंग बघून औषध ठरवायचं तर मग गुलाल काय वाईट?

मुळात किती खाल्लं यापेक्षा आत किती शिरलं हा खरा प्रश्न आहे. मोठ्या माणसाच्या अंगात लोह असतं साधारण ३ ते ४ ग्रॅम, एखाद्या खिळ्याएवढं. त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. शरीर एखाद्या काटकसरी गृहिणीसारखं वागतं. जुन्या तांबड्या पेशी मोडून रोज २०-२५ मिलिग्रॅम लोह पुन्हा वापरतं आणि बाहेरून घेतं फक्त एक-दोन मिलिग्रॅम. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच त्याच्याकडे नाही, म्हणून सगळा पहारा दारावर! दार म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. यकृतातून येणारं हेप्सिडिन ते दार उघडायचं की लावायचं हे ठरवतं. अंगात जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तर ते लावूनच घेतं. आत आलेलं लोह ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन रक्तातून वाहून नेतं आणि शिल्लक फेरिटिनच्या रूपात यकृतात वगैरे साठते. लोहाची कमतरता असेल तर हिमोग्लोबिन उतरण्याआधीच ही शिल्लक संपलेली असते.

जस्ताचं तर आणखी अवघड. अंगात ते दोन-तीन ग्रॅम असतं, बहुतेक स्नायू आणि हाडांत. पण अडीनडीला काढता येईल अशी कोठी नाही. रोजचं रोज मिळायला हवं. आणि आपल्या धान्य-डाळींतलं फायटेट लोह आणि जस्त दोघांनाही अडवून धरतं.

आता आपल्या घराकडे या. पान उचललं की चहा, ही आपली रीत. चहातली टॅनिनं जेवणातल्या लोहाला धरून बसतात. शाकाहारी जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. आणि खरं सांगू? त्या दिवशी तिची लोहाची गोळी मीच तिला चहाबरोबर दिली होती.

"आमच्या आजीने कुठे घेतल्या गोळ्या?" असं कोणीतरी म्हणेलच. आजीचं हिमोग्लोबिन कधी कोणी मोजलं होतं का? तिला चक्कर यायची, तेव्हा आपण "तिला सवयच आहे" म्हणायचो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांत रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त बायका काय खायचा कंटाळा करतात? दर महिन्याला रक्त जातं, बाळंतपणात जातं, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं पानात पडतं. वर दोष तिचाच!

तेव्हा मागणी साधी आहे. चहा जेवणानंतर तासभराने. आमटी-भाजीवर लिंबू पिळा, आवळा खा, कारण 'क' जीवनसत्त्व शोषण वाढवतं. कडधान्यं भिजवून, मोड आणून करा, फायटेट कमी होतं. गोळी चहा-दुधाबरोबर नको. पण डॉक्टरांना न विचारता गोळ्यांचा माराही नको, बाहेर टाकायची सोय नाही हे वर सांगितलंच. आणि रक्त कुठे जातंय याचाही तपास व्हायला हवा.

पुढच्या गौरींना तिच्या पानात काय आहे यावर बोलायचं नाही. तिला पहिल्या पंगतीला बसवायचं. चहा मी करीन, पण तासाभराने.

असो. काकू, रागावू नकोस. बिटाची कोशिंबीर छानच झाली होती.