पिंगुळीची पोथी आणि सिम्बाचा चेहरा

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सांगायला बसतात, तेव्हा समोरचं चित्र जागचं हलत नाही. कागदावर रंगवलेले राम, रावण, वानर. बाजूनं दिसणारे चेहरे, मोठाले डोळे, हातात ताणलेलं धनुष्य. हलतो तो सांगणाऱ्याचा आवाज. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीनं तो गातो, मध्येच थांबून बोलतो, राक्षसाच्या तोंडी आवाज जाड करतो, सीतेच्या तोंडी उतरवतो. प्रसंग संपला की चित्र उलटतो. मागच्या बाजूला पाठीला पाठ चिकटवलेलं दुसरं चित्र असतं, तिथून कथा पुढे सरकते. एका आख्यानाच्या अशा चित्रसंचाला पोथी म्हणतात. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयानं ही कला वाढली. याच समाजानं कळसूत्री बाहुल्या आणि पडद्यामागून दिव्याच्या उजेडात नाचवायच्या चामड्याच्या बाहुल्याही जपल्या. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याच्या जागेत त्यांचं संग्रहालय उभं केलं आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच्या कितीतरी आधी, १९७७ साली, मणी कौल यांनी पिंगुळीच्या कलावंतांवर ‘चित्रकथी’ हा माहितीपट केला होता.

जुन्या कार्टूनच्या नव्या आवृत्त्या सध्या एकामागून एक येत आहेत. त्यांच्याकडे पिंगुळीच्या अंगणात बसून पाहावं, असं या सदराचं सांगणं आहे. कारण पिंगुळीत रामायणाची नवी आवृत्ती दर खेपेला होते. पोथी आजोबांच्या हातची असते आणि सांगणारा नातू असतो. नातू आजोबांची चित्रं पुसून त्यांच्या जागी रामाचे फोटो लावत नाही. तो सांगणं बदलतो. समोर पोरं असली की हनुमानाला जास्त वेळ देतो, म्हातारी माणसं असली की भरतभेट लांबवतो.

हॉलीवूडनं नेमकं उलट केलं. १९९४ चा ‘द लायन किंग’ हातानं काढलेला होता. त्यातला छोटा सिम्बा ‘मी राजा होणार’ म्हणून गातो, तेव्हा जंगलाचा रंगच पालटतो. प्राणी एकमेकांच्या पाठीवर चढून मनोरे रचतात आणि सगळा पडदा पोराच्या डोक्यातल्या स्वप्नासारखा होऊन जातो. २०१९ साली जॉन फॅव्हरो यांनी तोच चित्रपट संगणकावर पुन्हा केला. सुरुवातीच्या सूर्योदयाचं एक दृश्य सोडलं तर त्यात खरं छायाचित्रण नाही, तरीही केस न् केस खऱ्या सिंहाचा वाटावा इतकं काम बारीक आहे. पण त्याच गाण्यात आता प्राणी नुसते पाणवठ्याकाठी पळतात. खरा सिंह भुवया उंचावत नाही, ओठ मुडपत नाही, म्हणून सिम्बाही काही करत नाही. बाप मेल्यावर त्या पिल्लाच्या तोंडावर जे दिसायला हवं ते दिसत नाही. चित्रपटानं जगभरात दीडशे कोटी डॉलरहून अधिक कमावले, त्यामुळे बनवणाऱ्यांना यात चूक वाटण्याचं कारण नाही. प्रेक्षकाला मात्र तक्रार करायचा हक्क आहे. चित्रकार जे काढू शकतो ते निसर्गात नसतं, म्हणूनच लोक चित्र बघायला येतात. चित्राचं छायाचित्र करण्यात त्या चित्रपटानं चित्रकाराचा हातच काढून घेतला.

याच फॅव्हरोंनी तीन वर्षं आधी ‘द जंगल बुक’ केला होता. तंत्र जवळपास तेच होतं, एका मुलाभोवती संगणकावर उभं केलेलं जंगल. तरीही भारतात तो लोकांच्या मनाला भिडला. त्याचं मोठं श्रेय आवाजाला जातं. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी मोगलीची मालिका मुळात जपानी, १९८९ ची. तिच्या हिंदी रूपाचं शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, चाल विशाल भारद्वाजांनी बांधली आणि शेरखानला आवाज दिला नाना पाटेकरांनी. मुरूड-जंजिऱ्याच्या या माणसाचा तो खर्ज ऐकून त्या काळी पोरं गोधडीत शिरायची. २०१६ च्या चित्रपटाच्या हिंदी रूपात शेरखान पुन्हा नानांच्याच आवाजात बोलला आणि प्रसिद्धीसाठी ते जुनं गाणंही नव्यानं ध्वनिमुद्रित केलं गेलं. अमेरिकेच्या आठवडाभर आधी, ८ एप्रिलला, तो भारतात लागला. आपल्या मुलांना घेऊन गेलेल्या आईबापांपुढे वाघ नवा होता, पण त्याच्या तोंडून जो बोलत होता त्याला ते लहानपणापासून ओळखत होते. पिंगुळीच्या भाषेत सांगायचं तर पोथी बदलली आणि सूत्रधार तोच राहिला. या धाग्याचा त्या चित्रपटाला इथे मोठा आधार झाला, असं म्हणता येईल.

आवाजाचा मुद्दा काढला की टॉम अँड जेरी आडवे येतात, कारण ते बोलतच नाहीत. पण त्यांची कहाणीही याच बाजूनं साक्ष देते. हॅना आणि बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात त्यांचे ११४ लघुपट केले आणि त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळालं. त्यांत टॉमचं प्रत्येक पाऊल, प्रत्येक आपटणं स्कॉट ब्रॅडली यांच्या संगीतावर पडतं. वाद्यवृंद हाच तिथला सांगणारा. पुढे १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये १३ लघुपट केले. मांजर तेच, उंदीर तोच, पण आवाज पोकळ, घुमणारे. टीव्हीवर तो भाग लागला की ‘हे खरे टॉम-जेरी नाहीत’ असं पाच वर्षांचं पोरही सांगतं. १९९२ च्या चित्रपटात तर दोघांना चक्क बोलायला लावलं. त्या दोघांची मैत्री झाली, गाणी झाली आणि गंमत गेली. नवी आवृत्ती करताना काय बदलू नये हे ज्यांना समजून घ्यायचं आहे, त्यांनी हे तीन प्रकार ओळीनं बघावेत.

आपल्याकडचं ताजं उदाहरण ‘छोटा भीम’चं. राजीव चिलका यांच्या हैदराबादच्या कंपनीनं २००८ साली ढोलकपूरचं हे पोर पोगो वाहिनीवर आणलं आणि मालवणपासून मेळघाटापर्यंतच्या मुलांच्या दप्तरांवर ते जाऊन बसलं. त्याची रेषा साधी, पार्श्वभूमी ठोकळेबाज. जाणकारांनी नाकं मुरडली तरी मुलांना ते आपलं वाटलं. ‘कर्स ऑफ दमयान’ हा त्याचा ॲनिमेशनपट २०१२ चा. तीच कथा चिलका यांनी ३१ मे २०२४ रोजी खऱ्या माणसांना घेऊन पुन्हा आणली. अनुपम खेर, मकरंद देशपांडे यांच्यासारखे नट घेतले. पण लाडू खाऊन ताकद येणं हे चित्रात जितकं खरं वाटतं, तितकं हाडामांसाच्या मुलाच्या बाबतीत वाटत नाही. चित्रातल्या भीमाचा दंड फुगला की पोरं टाळ्या पिटतात, पडद्यावरच्या मुलाकडे बघताना मात्र त्यांची नजर कपडेपटाकडे जाते. मराठीत ‘चिंटू’चंही असंच झालं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ साली ‘सकाळ’मधून वाचकांच्या घरात आली. २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी तिचा खऱ्या मुलांचा चित्रपट केला. मुलं गोड होती, चित्रपट मनापासून केलेला होता. पण चार चौकटींतल्या त्या दोन-चार रेघांत वाचक आपापलं पोर बघत असे, आणि पडद्यावर एकच पोर उरलं.

मग जुन्याला हातच लावायचा नाही का? लावायचा. कसा, ते ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ दाखवतो. जपानच्या युगो साको यांनी आपल्या राम मोहन यांच्यासह केलेला हा चित्रपट १९९२ च्या आसपासचा, हातानं काढलेला, वनराज भाटियांच्या संगीताचा. २४ जानेवारी २०२५ रोजी तो भारतात चित्रगृहांमध्ये आला, तो चित्रं स्वच्छ करून आणि हिंदी, तमिळ, तेलुगू व इंग्रजी आवाजांत. कुणी त्याला संगणकी चकाकी दिली नाही. तेहतीस वर्षांपूर्वीच्या हातांनी काढलेला हनुमान आजच्या मुलांपुढे जसाच्या तसा उडाला. राम मोहन २०१९ साली गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही याची खंत वाटते.

आणि एक चित्रपट तर असा आहे की त्याच्या रेषांना हात लावायचा विचारच मनात येत नाही. १९७४ चा ‘एक, अनेक और एकता’. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, ॲनिमेशन भीमसेन यांचं. बाग, बहीण-भाऊ, जाळ्यासकट उडालेल्या चिमण्या. चित्र मोजकंच, हालचाल त्याहून मोजकी. तरी पन्नाशीच्या माणसाला त्यातलं गाणं आजही अख्खं येतं. चाल होती वसंत देसाई यांची. कुडाळ तालुक्यातल्या सोनवडे गावचे हे देसाई प्रभात फिल्म कंपनीतून घडले, व्ही. शांतारामांच्या चित्रपटांना त्यांनी संगीत दिलं आणि या छोट्या कार्टूनची चाल बांधून झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९७५ च्या डिसेंबरात, ते अपघातात गेले. म्हणजे इतक्या लोकांच्या लक्षात राहिलेल्या कार्टूनचा सूर ज्या तालुक्यातला, त्याच तालुक्यात पिंगुळीची चित्रंही आहेत. जिल्ह्यातल्या शाळांमध्ये हे सांगितलं जायला हवं. पोरांना अभिमान वाटेल आणि त्यांचा तो हक्कच आहे.

सिंधुदुर्गात नव्या आवृत्त्यांची दुसरी मोठी शाळा म्हणजे दशावतार. कार्तिकातल्या जत्रांपासून गावोगावच्या देवळांपुढे रात्रभर चालणाऱ्या या नाटकांना लिखित संहिता नसते. संध्याकाळी रंगायच्या आधी कथानक ठरतं, संवाद रंगमंचावर सुचतात. तोच हिरण्यकश्यपू, तोच प्रल्हाद. पण कालच्या गावातला संवाद आजच्या गावात नसतो. मुख्य आख्यानाआधीच्या ‘आड दशावतारा’तला काळ्या वेषातला संकासुर मालवणीत बोलून समोरच्या गावकऱ्यांची फिरकी घेतो आणि म्हातारी-कोतारी पोट धरून हसतात. अलीकडे फलकांवर ‘ट्रिकसीन’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. धूर, प्रकाश, अचानक प्रकटणारे देव. त्याला या सदराचा विरोध नाही; पोरं त्यासाठी जागी राहतात, हे काही थोडं नाही. पण पहाटे घरी जाताना माणसं बोलतात ती संवादांबद्दल, अमुक राजानं तमुक राजाला कसं गप्प केलं त्याबद्दल.

जुलै २०२५ मध्ये आलेला अश्विन कुमार यांचा ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट पाहताना इथल्या प्रेक्षकाला हीच तुलना सुचणार. चित्रपटानं देशभर गर्दी खेचली आणि भारतीय ॲनिमेशन फक्त लहान मुलांचं नाही हे सिद्ध केलं, याचा आनंद मानलाच पाहिजे. शेवटचं युद्ध थरारक आहे; खांब फुटतो तेव्हा खुर्चीत ताठ बसावं लागतं. खटकते ती चेहऱ्यांची घडण. प्रल्हादाची गुळगुळीत कातडी, कयाधूचे काचेसारखे डोळे कोणत्याही देशातल्या संगणकी खेळात शोभले असते. ही कथा ज्या मातीत चारशे मैलांवर चार रूपं घेते, त्या मातीतली एकही रेषा त्यात दिसत नाही. सावंतवाडीच्या गंजिफा पत्त्यांत दहा अवतारांची १२० पानं हातानं रंगवतात, त्यांतला नरसिंह तळहाताएवढा असतो आणि तरी ओळखू येतो, लक्षात राहतो.

लोककलेच्या साध्या साधनांवर पूर्ण चित्रपट उभा राहू शकतो, याला जुना दाखला आहे. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी १९२६ साली ‘प्रिन्स आखमेद’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट मुख्यतः कातरलेल्या आकृत्या आणि त्यांच्या सावल्या यांवर उभा केला. आज उपलब्ध असलेल्या ॲनिमेशनपटांत इतका जुना पूर्ण लांबीचा दुसरा नाही. कात्री, पडदा, उजेड आणि एकेक चौकट टिपणारा कॅमेरा, हे त्यांचं मुख्य साहित्य. चामड्याच्या बाहुल्या, दिवा आणि पडदा पिंगुळीत आधीपासून आहेत. दादासाहेब फाळक्यांनी तर त्याच्याही आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं चित्रित करून ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर दाखवली होती. म्हणजे एकेक चौकट टिपण्याची चिकाटीही मराठी माणसाला परकी नाही.

म्हणून या सदराची मागणी अगदी साधी आहे. पिंगुळीच्या एका पोथीतलं एक आख्यान घ्यावं, दहा-बारा मिनिटांचंच. चित्रं तिथल्याच कलावंतांनी काढावीत, रंग त्यांचे, डोळे त्यांचे, धनुष्याचा ताण त्यांचा. त्यांना गोल, चकचकीत करू नये. चित्र सपाट आहे तर सपाट राहू द्यावं, हात हलायचा तेवढाच हलावा. सांगणारा पिंगुळीचा असावा, मधली संकासुरासारखी मिश्कील टिप्पणी मालवणीत असावी, साथीला तीच वीणा आणि तोच हुडूक. मानधन ठरवून द्यावं आणि कलावंतांची नावं शेवटच्या पळत्या यादीत न घालता सुरुवातीलाच पूर्ण पडद्यावर दाखवावीत. मुंबईत ॲनिमेशन शिकलेली कोकणातली मुलं आज परदेशी मालिकांच्या चौकटी रंगवत बसली आहेत. त्यांतल्या चौघांना दोन महिने गावी बोलावलं तरी काम सुरू होईल. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत आता पडदे आणि प्रोजेक्टर आले आहेत. पहिला खेळ तिथे, तिसरी-चौथीच्या पोरांसमोर लावावा आणि ती कुठे हसतात, कुठे चुळबुळ करतात ते मागच्या बाकावर बसलेल्या चित्रकारानं टिपून घ्यावं.