स्मृतिभ्रंशाची निवासगृहे आणि मुका ग्राहक

ठाणे, डोंबिवली, कल्याण आणि तेथून पुढे टिटवाळा-बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात एक नवा व्यवसाय गेल्या काही वर्षांत हळूहळू स्थिरावू लागला आहे. जुन्या वृद्धाश्रमाहून तो निराळा आहे. वृद्धाश्रमात येणारा माणूस मनाविरुद्ध का होईना, पण आपण कोठे चाललो आहोत हे जाणून येत असे. आमटी पाणचट असली तर तो तक्रार करी, आणि फारच झाले तर वळकटी गुंडाळून निघून जाई. नव्या निवासगृहांत जे राहतात त्यांना आज वार कोणता, आपण कोठे आहोत आणि समोर बसलेला मुलगा आहे की भाऊ, याचाच पत्ता नसतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आई-वडिलांना, काका-आत्यांना महिन्याच्या ठरलेल्या रकमेत सांभाळण्याचा हा व्यवसाय आहे.

तो उगाच उगवलेला नाही. भारतातील स्मृतिभ्रंशासंबंधी झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. साठ वर्षांवरील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, या विकाराने ग्रस्त आहेत असा तिचा अंदाज आहे. रेल्वेमार्गाच्या कडेने वाढलेल्या या शहरांना हा आकडा आणखी एका कारणाने जाचतो. गिरगाव-दादरच्या चाळी सोडून डोंबिवलीच्या दोन खोल्यांत संसार थाटणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. तिची काही मुले पुण्या-बंगळूरला वा परदेशी असतात, आणि जी जवळ आहेत ती सकाळी सातची गाडी पकडून रात्री साडेआठला परततात. रात्री दोन वाजता उठून ‘मला माझ्या घरी जायचे आहे’ म्हणत दाराची कडी काढणाऱ्या वृद्धाला सांभाळणे हे तीन पाळ्यांचे काम आहे. घरोघरी ते एकाच व्यक्तीच्या, बहुधा सुनेच्या किंवा थकलेल्या पत्नीच्या, गळ्यात पडते. अशा घराने आपले माणूस निवासगृहात ठेवले म्हणून बोटे मोडणाऱ्या शेजाऱ्यांनी एक रात्र त्या घरी जागून पाहावी.

तेव्हा प्रश्न ठेवावे की ठेवू नये हा नाही. जेथे ठेवायचे ते ठिकाण चांगले की वाईट, हे ओळखायचे कसे, हा आहे. आणि येथे नेहमीचे व्यवहारज्ञान कामी येत नाही.

विक्रेत्याला मालाची खरी प्रत ठाऊक आहे आणि गिऱ्हाइकाला नाही, अशा बाजारात चांगला मालही वाईटाच्या भावाने मागितला जातो व अखेर बाजारातून हद्दपार होतो, हे जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले. परंतु जुनी मोटार घेणारा निदान ती स्वतः चालवितो. आठवडाभरात तिचे इंजिन काय लायकीचे आहे ते त्याला कळते. निवासगृहाचे पैसे मुलगा भरतो आणि निगा वाट्याला येते ती आईच्या. मुलाला दिसतात त्या रविवारच्या भेटीतील चकचकीत फरशा, अंगणातील तुळस, भिंतीवरचा कॅमेरा आणि संचालकांचे गोड बोलणे. आईने ‘मला जेवायला देत नाहीत’ असे सांगितले, तर ‘बाई आत्ताच जेवल्या, त्यांच्या लक्षात राहत नाही’ हे उत्तर तयार असते. दुर्दैव असे की पुष्कळ वेळा ते उत्तर खरेही असते. या व्यवसायातील ग्राहकाला वाचा असते, पण तिला साक्षीचे मोल नसते.

त्याच १९७० साली अल्बर्ट हर्शमन यांनी, बिघडत चाललेल्या संस्थेला वठणीवर आणण्याचे दोन मार्ग सांगितले होते: ती सोडून जाणे किंवा तेथेच राहून आवाज उठविणे. येथे दोन्ही मार्ग बंद आहेत. निवासी सोडून जाऊ शकत नाही, कारण दाराला कुलूप असते, आणि ते काही अंशी त्याच्याच सुरक्षिततेसाठी असते. कुटुंब त्याला हलवू शकते. पण भरलेली अनामत, नव्या जागेचा शोध आणि जागाबदलाने वाढणारा रुग्णाचा गोंधळ यांमुळे तेही धजत नाही. कित्येक कुटुंबांना तर दोष दिसले तरी पाहायचे नसतात. मनातली अपराधाची टोचणी शमविण्यासाठी ‘तिथे सगळे छान आहे’ असा समज त्यांनी आधीच करून घेतलेला असतो.

मग माणसे ‘विश्वस्त संस्था’ ही पाटी पाहून निर्धास्त होतात. नफा वाटून घ्यायचा नसल्याने संस्था फसविणार नाही, हा तर्क अगदीच पोकळ नाही. १९८० मध्ये हेन्री हॅन्समन यांनी ना-नफा संस्थांची उपपत्ती मांडताना शुश्रूषागृहांचाच दाखला दिला होता. मात्र १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील नोंदणी म्हणजे मुख्यतः हिशेबाची आणि मालमत्तेची देखरेख. निवाशाच्या पाठीला बिछान्यात पडून जखमा झाल्या आहेत की नाहीत, हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कोणी पाहत नाही.

बाकीच्या कायद्यांची अवस्था यापेक्षा फार बरी नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निर्धन वृद्धांची सोय करणाऱ्या आश्रमाची कल्पना मांडली. खाजगी निवासगृहांच्या दर्जाविषयी त्यात काही नाही. ती उणीव भरून काढणारे, नोंदणी व किमान निकष सांगणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले, स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये त्या लोकसभेबरोबरच विझले. २०२४ मध्येच ‘महारेरा’ने ज्येष्ठांसाठी बांधल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांचे नमुना निकष ठरविले. त्यांत दारांची रुंदी आहे, लिफ्ट आहे, चाकाच्या खुर्चीची सोय आहे. वृद्धाला विकायच्या घराचे दार किती रुंद असावे हे लिहून ठरले. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाजवळ रात्री जागे किती जण असावेत हे लिहिलेले नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचा आधार मात्र पुष्कळांना वाटतो त्याहून मोठा आहे. मानसिक आजाराच्या त्यातील व्याख्येत विचार आणि भावनेबरोबरच स्थलकालाचे भान व स्मृती यांच्या गंभीर बिघाडाचाही समावेश आहे, आणि असे रुग्ण दाखल करून घेऊन त्यांची निगा राखणाऱ्या आस्थापनेस नोंदणी आवश्यक आहे. व्याख्या सरळ वाचली तर स्मृतिभ्रंशाचे रुग्ण ठेवणारी निवासगृहे तिच्याबाहेर राहणे अवघड आहे. ‘आम्ही रुग्णालय नव्हे, आम्ही घर आहोत’ हा बचाव येथे पुरा पडू नये. या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी केली आहे. इतर बंधनही केवळ तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने, नोंद करून आणि थोड्या काळापुरतेच घालता येते; ते घातल्याचे रुग्णाच्या नियुक्त प्रतिनिधीस २४ तासांत कळवावे लागते. पाहायला गेलेल्या कुटुंबाने ‘बंधनाची नोंदवही दाखवा’ एवढे एक वाक्य उच्चारावे. वही नसेल तर दोनच शक्यता उरतात, आणि खाटेच्या कठड्याला गुंडाळलेली जुनी ओढणी त्यांतली कोणती खरी ते सांगते.

कागदांहून अधिक बोलके आहे ते माणसांचे गणित. ते पाटीवर मांडता येईल इतके सोपे आहे. आठवड्याचे तास १६८, आणि कामगाराचा आठवडा ४८ तासांचा. म्हणजे चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायची तर साडेतीन माणसे लागतात. रजा आणि आजारपण धरले तर चार. वीस निवासी असलेल्या एखाद्या गृहाने ‘दर चौघांमागे एक परिचारक, अहोरात्र’ असे छापले असेल, तर त्या पाच जागांसाठी पटावर सतराअठरा माणसे हवीत. प्रत्येकाचा पगार मासिक १५ हजार धरला तर अठरांचे २ लाख ७० हजार होतात. दर निवाशामागे साडेतेरा हजार. हा खर्च केवळ परिचारकांचा. जागेचे भाडे, स्वयंपाक, धुणे, वीज, डॉक्टरांची फेरी आणि मालकाचा नफा अजून यायचे आहेत. मग महिना अठरा हजारांत हे सारे देऊ करणाऱ्याने एक तर दानशूर देणगीदार मिळविला आहे, किंवा त्याची माणसे बारा-बारा तास सुट्टीवाचून राबत आहेत, किंवा ‘अहोरात्र’ या शब्दातील रात्र गळाली आहे.

याच्या उलट, भारी दर हा चांगल्या निगेचा पुरावा नव्हे. तो कधी कधी नुसता घोडबंदर रस्त्यावरच्या जागेचा दर असतो. म्हणून दर विचारण्याआधी हजेरीपट मागावा, आणि पटावरील किती जण वर्षाहून अधिक काळ टिकले आहेत ते पाहावे. दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्या आयांना कोणत्या आजींना चहात साखर लागते आणि कोणते आजोबा डाव्या कुशीवर झोपू शकत नाहीत, हे कळणार कसे? भाषेचा मुद्दाही लहान नाही. या विकारात मागाहून शिकलेल्या भाषा बऱ्याचदा आधी निसटतात आणि बालपणची बोली मागे राहते. मालवणी वा अहिराणीत पाणी मागणाऱ्या वृद्धेजवळ तीन तास ते शब्द समजणारे कोणी नसेल, तर ती तहानलेलीच राहते. आणि संध्याकाळी ती आरडाओरडा करू लागली म्हणजे तिच्या नावापुढे ‘आक्रमक’ अशी नोंद होते.

तेथून पुढची पायरी गोळीची. मनोविकारावरील काही औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ मध्ये आणि आणखी विस्ताराने २००८ मध्ये दिला. अशी औषधे कधीच देऊ नयेत असा त्याचा अर्थ नाही. पण ती कोणी, कशासाठी आणि किती दिवसांकरिता लिहून दिली, हे कागदावर असले पाहिजे. भर दुपारी सारेच निवासी खुर्चीत माना टाकून बसलेले दिसले, तर त्या शांततेचे कौतुक करण्यापूर्वी औषधांचा तक्ता पाहावा. दुसरा प्रामाणिक साक्षीदार म्हणजे वजनकाटा. भरवायला माणूस पुरत नाही तेथे ताटे परत जातात. रविवारच्या भेटीत ते दिसत नाही, तीन महिन्यांच्या वजनांत दिसते. आणि भेटीला जायचे ते रविवारी सकाळी नव्हे, तर आडवारी दिवेलागणीला, न कळविता जावे. या विकारातील गोंधळ त्याच वेळी वाढतो, आणि नेमकी तीच पाळी बदलण्याची वेळ असते.

एवढी चौकशी दर कुटुंबाने एकेकट्याने करावी, ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. इंग्लंडमध्ये निवासगृहांची तपासणी करणारा आयोग २००९ पासून आहे. त्याचे तपासनीस न कळविता येऊ शकतात, गृहांना चारपैकी एक श्रेणी मिळते आणि अहवाल कोणालाही वाचता येतो. आपल्याकडे असे काही सुचविले की लगेच ‘इन्स्पेक्टर राज’ची भीती दाखविली जाते. ती निराधार नाही. दरमहा पाकीट नेणारा तपासनीस आणखी एक वाढला तर त्याचा खर्च निवाशांच्याच बिलात चढेल, आणि चांगले चालणारे एखादे लहान गृह आधी बंद पडेल. पण या भीतीवरचा उतारा आपल्याच जुन्या कायद्यात होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात प्रत्येक मनोरुग्णालयासाठी व शुश्रूषागृहासाठी किमान पाच अभ्यागत नेमण्याची आणि त्यांपैकी निदान तिघांनी महिन्यातून एकदा एकत्र पाहणी करण्याची तरतूद होती. १९०१ पासूनचे मनोरुग्णालय ज्या ठाणे शहरात आहे, तेथे ही पद्धत नवी वाटू नये. अभ्यागताजवळ परवाना रद्द करण्याचा अधिकार नसतो, म्हणून त्याला पाकीट देण्यातही अर्थ नसतो. त्याच्याजवळ असतात डोळे आणि शेऱ्यांची वही.

डोंबिवली-कल्याणात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांत निवृत्त परिचारिका, शिक्षक, बँकेतले हिशेबनीस आहेत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी त्यांतून अभ्यागत नेमावेत आणि त्यांचे शेरे पालिकेच्या फलकावर लावावेत, यासाठी दिल्लीच्या विधेयकाची वाट पाहण्याचे कारण नाही. गृहांनी संमतीने सामील व्हावे, जे होणार नाही त्याचे नाव कोऱ्या रकान्यासह लागावे. त्याआधी एक साधे काम आहे. आपल्या हद्दीत अशी निवासगृहे किती आणि कोठे आहेत, याची यादी करणे. मालमत्ता कराची देयके आणि नळजोडणीची नोंद त्या पत्त्यांवर आजही जातेच आहे.