तालीम आणि पेठ

खेळाच्या संघास नांव कोठून मिळतें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. परंतु गांवाच्या जुन्या वस्तीचें पुढें काय होणार, हें आमच्या मतें पुष्कळ अंशीं त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे.

कोल्हापूरचें उदाहरण घ्या. तेथील फुटबॉलच्या नामांकित संघांचीं नांवें पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ अशीं आहेत. फुटबॉलचा तालमीशीं संबंध काय, असें परक्यास वाटेल. संबंध असा कीं, तालीम ही तेथें केवळ कुस्तीची जागा नसून पेठेची बैठक आहे. पहाटे तांबड्या मातीच्या हौद्याशीं जोर-बैठका व्हाव्या, सायंकाळीं वडील मंडळींनीं कट्ट्यावर बसावें, सणावारीं तेथूनच मिरवणूक निघावी, आणि पेठेंत कोणावर प्रसंग आला तर तालमीच्या मुलांनीं प्रथम धांवून जावें, ही तेथील रीत. फुटबॉल आला तेव्हां पेठेनें तोही याच घरांत घेतला. शाहू महाराजांनीं १९१२ सालीं खासबाग मैदान उभारून मल्लविद्येस राजाश्रय दिला. १९४९ सालीं संस्थान विलीन झालें. तालमी मात्र राहिल्या, कारण त्यांचा पाया पेठेंत होता.

आपल्या जालना जिल्ह्याचा या परंपरेशीं संबंध दूरचा नाहीं. बलोपासनेचा उपदेश करणाऱ्या समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालीं जांब येथें झाला. तें गांव आज घनसावंगी तालुक्यांत आहे. त्यांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं मनपाडळें व पारगांव येथील दोन कोल्हापूर जिल्ह्यांत आहेत. पुढें २०१८ सालच्या डिसेंबरांत ‘महाराष्ट्र केसरी’ची कुस्ती जालन्यास झाली. ती जिंकणारे बाला रफिक शेख हे बुलढाण्याकडून उतरले होते, आणि त्यांची तयारी कोल्हापुरास गणपतराव आंदळकर वस्तादांच्या हाताखालीं झाली होती. तालमींत बहुधा मारुतीची मूर्ति असते. तरी हौद्यांत उतरणाऱ्यास कोणी जात वा धर्म विचारूं नये, हाच तिचा खरा नियम होय. ज्या वारशाचें दार असें उघडें आहे, तो सर्वांचाच वारसा ठरतो.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. कुंडलिकेच्या कांठची जुनी वस्ती, पलीकडील कादराबाद, आणि १७२५ सालीं बांधलेला मस्तगड यांची माहिती आम्ही वर्गांत पाठ करतों. परंतु ज्या गल्लींत आपण कधीं घाम गाळला नाहीं, ती पडली तर आपणांस दुःख कां व्हावें? नुसती सनावळी भिंतींस आधार देत नाहीं. रोज पहाटे जेथें पन्नास मुलें जमतात, तेथील पडकी भिंत लोकांच्या ध्यानांत येते. जेथें कोणी जात नाहीं, तेथें प्रथम कचरा पडतो व मग जागाच दुसऱ्याची होते.

यावर कोणी म्हणतील कीं, पेठेच्या नांवानें संघ काढले कीं भांडणें होतात. हा आक्षेप खोटा नाहीं. कोल्हापुरांतही सामन्याच्या ईर्षेचें पर्यवसान कधीं कधीं हाणामारींत झालें आहे. पण त्यावर उपाय पेठेचें नांव पुसणें हा नव्हे. नांवाबरोबर कर्तव्यही सोंपविलें पाहिजे. जो संघ वस्तीचें नांव लावील, त्यानें तेथील विहीर, पार व मैदान निर्मळ ठेवावें, आणि प्रतिस्पर्धी आला तर त्यास आधीं पाणी द्यावें.

आमची सूचना साधी आहे. शाळेच्या चार संघांस रंगांऐवजीं गांवांतील जुन्या वस्त्यांचीं नांवें द्यावीं. प्रत्येक संघानें महिन्यांतून एक सकाळ त्या वस्तींत घालवावी, तेथील वृद्धांस भेटावें, आणि ऐकलेलें या अंकासाठीं लिहून द्यावें. पालकांसही आमची एक विनंति आहे. आपले आजोबा कोणत्या तालमींत जात, तेथें वस्ताद कोण होते, ती जागा आज कशी आहे, हें मुलांस एकदां घेऊन जाऊन दाखवावें. जागा उरली नसेल, तरी ती कोठें होती तें सांगावें.