भूमिगत फुलाचे एकाकीपण

‘ऑर्किड’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुष्पगुच्छातले, काचघरात वाढवलेले जांभळे फूल येते. त्याच कुळातील एक फूल मातीखालीच उमलते आणि मातीखालीच संपते, हे ऐकल्यावर साहित्याच्या माणसाला राहवत नाही. लगेच त्याचे रूपक होते : उपेक्षित कवी, अंतर्मुख प्रतिभा, जगाकडे पाठ फिरवून स्वतःतच फुलणारा एकाकी आत्मा. हे रूपक चुकीचे आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. आणि ते चुकीचे असणे ही केवळ अलंकारशास्त्राची बाब नाही.

राइझँथेला गार्डनेरी हे या आमरीचे शास्त्रीय नाव. पश्चिम ऑस्ट्रेलियातील गव्हाच्या पट्ट्यात, कॉरिगिन गावाजवळ, १९२८ साली जॅक ट्रॉट या शेतकऱ्याला ती आपल्या जमिनीत सापडली. त्याच वर्षी रिचर्ड सँडर्स रॉजर्स यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि चार्ल्स गार्डनर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून तिचे नामकरण केले. तिला हिरवी पाने नाहीत. मातीखाली मांसल खोड असते. दक्षिण गोलार्धातील हिवाळ्याच्या सुमारास त्यावर फिकट छदांची एक वाटी तयार होते आणि तिच्यात गडद तांबूस रंगाची बारीक फुले दाटीने बसतात. वाटीचे तोंड पृष्ठभागाला जेमतेम टेकते. वरून दिसलीच तर पालापाचोळ्याखाली एखादी भेग दिसते.

इथवर रूपकाला पोषक असेच सारे आहे. पण ती जगते कशावर, हा प्रश्न विचारला की चित्र पालटते. हरितद्रव्य नसल्यामुळे स्वतःचे अन्न तयार करण्याची सोय तिच्यापाशी नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिच्या हरितलवकात अवघी ३७ जनुके उरली आहेत. सामान्य हिरव्या वनस्पतीत ही संख्या शंभराच्या वर असते. तिच्या शेजारी मेलॅल्युका वंशातील झुडूप असते. त्या झुडपाच्या मुळांशी एका बुरशीचे सख्य असते, आणि तीच बुरशी या आमरीच्या खोडातही शिरलेली असते. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील संशोधकांनी समस्थानिकांच्या साहाय्याने माग काढून २०१० साली दाखवून दिले, की झुडपाने सूर्यप्रकाशात घडवलेल्या अन्नातील कार्बन बुरशीच्या तंतूंमधून आमरीपर्यंत पोहोचतो. म्हणजे या फुलाच्या वाट्याचे ऊन दुसऱ्याच्या पानांवर पडते.

यात अपवादात्मक आहे ते केवळ प्रमाण. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. योग्य बुरशी भेटल्याखेरीज ते निसर्गात रुजत नाही, हे नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली ओळखले. आपल्या सह्याद्रीतील ‘सीतेची वेणी’ही आरंभी अशीच परावलंबी असते, पुढे हिरवी पाने आली की ती आपले अन्न आपण करू लागते. भूमिगत आमरीने बालपणीची ही उसनवारी जन्मभर चालू ठेवली आहे. जिला आपण एकाकीपणाचे प्रतीक म्हणून निवडले, ती दुसऱ्यांवाचून एक दिवसही न जगू शकणारी वनस्पती निघावी, ही या निवडीची गंमत आहे.

यावर कोणी म्हणेल, की कवीला वनस्पतिशास्त्राची सक्ती कशाला? चातक केवळ पावसाचे पाणी पितो, हंस दुधातले पाणी वेगळे करतो, हे कविसंकेत शास्त्रदृष्ट्या खोटेच आहेत; त्यांनी चातकाचे वा हंसाचे काय बिघडवले? आक्षेप रास्त आहे. पण हंस-चातक लोकांच्या नजरेसमोर वावरणारे पक्षी. संकेत एकीकडे, पक्षी एकीकडे, असे दोन्ही टिकले. भूमिगत आमरी तुम्हीआम्ही बहुधा कधीच पाहणार नाही. आपल्यासाठी ती शब्दांतच आहे. जिथे पडताळ्याला वस्तूच समोर नाही, तिथे रूपकच वस्तूची जागा घेते, आणि मग त्याच्या खरेपणाची जबाबदारी वाढते.

या जबाबदारीचा प्रत्यक्षाशी संबंध आहे. ही आमरी सापडली तो काळ गव्हासाठी मूळचा झाडोरा तोडून जमीन नांगराखाली आणण्याचा होता. त्या पट्ट्यातील बहुतांश झाडोरा गेला. खोल मुळांची झुडपे गेल्यावर भूजल वर चढले आणि त्याबरोबर क्षारही वर आले. पूर्वेकडील तिची बहीण राइझँथेला स्लेटरी १९३१ साली न्यू साउथ वेल्समध्ये सापडली, तीही दुसरेच ऑर्किड खणून काढताना. उकरल्याशिवाय ती दिसत नाही आणि उकरली की तिचा आधार तुटतो. तिचे फळ मांसल असते, ही ऑर्किडमध्ये दुर्मिळ गोष्ट. ते खाऊन बी पसरवणारे छोटे शिशुधान प्राणी असावेत असा अभ्यासकांचा कयास आहे, आणि असे प्राणी त्या प्रदेशातून मोठ्या प्रमाणावर नाहीसे झाले आहेत. २०१८ साली दक्षिण किनाऱ्याकडील रोपे राइझँथेला जॉन्स्टनी ही वेगळी प्रजाती म्हणून निराळी काढण्यात आली. त्यामुळे मूळ नावाखाली उरलेली रोपे आणखी थोडी झाली. तिला ‘एकाकी चमत्कार’ मानणाऱ्याला रोपाभोवती कुंपण घातले की कर्तव्य संपले असे वाटेल. वास्तविक झुडूप, बुरशी, पालापाचोळा आणि फळ खाणारा प्राणी हे सारे मिळून जे होते, त्याचेच नाव राइझँथेला.

वाङ्मयेतिहासातही आपण हीच चूक करतो. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांच्या आड शतकानुशतके राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांसमोर आले. आपण त्याला ‘शोध’ म्हणतो आणि लेखकांची नावे शिकवतो. ज्या मठांत पिढ्यानपिढ्या त्या पोथ्यांच्या नकला झाल्या, त्या नकलाकारांना मात्र अभ्यासक्रमात एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. दडून राहिलेले एकटे असते, हे आपले गृहीत आहे. दडून टिकलेल्या प्रत्येक गोष्टीमागे कोणी तरी तिला पोसत आलेले असते. साम्य इथे संपते : पोथीची नक्कल दुसऱ्या मठात नेता येते; या आमरीला तिच्या झुडपापासून तोडून नेता येत नाही.

तेव्हा तिच्यावर कविता लिहू नये, असे कोणी म्हणणार नाही. लिहावी, पण तिच्यात मेलॅल्युकाचे ते खुरटे, बारीक पानांचे झुडूप यावे. ते तोडले गेले तर त्याखालचे फूल गेल्याचे कोणाला कळणारही नाही.