गोळी, भोक आणि भेग

१९६४ साली आलेल्या ‘गोल्डफिंगर’ या जेम्स बाँडपटात विमानातल्या झटापटीत पिस्तूल उडते, खिडकी फुटते आणि खलनायक त्या खिडकीतून बाहेर ओढला जातो. तेव्हापासून प्रेक्षकांच्या डोक्यात एक समजूत पक्की बसली आहे: विमानात गोळी सुटली की विमान फुटले. प्रेक्षकांना कोण बोलणार? पण डोंबिवली, अंबरनाथ, वागळे इस्टेट इथे बॉयलर, रिअ‍ॅक्टर आणि प्रेशर व्हेसल सांभाळण्यावर ज्यांचे पोट आहे, त्यांनीही माना डोलवाव्यात हे बरे नव्हे. विमान हेही एक प्रेशर व्हेसलच आहे; आणि आपल्या मापाने पाहिले तर अगदीच कमी दाबाचे.

पस्तीस हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव असतो. केबिनमध्ये तो पाऊणच्या आसपास राखतात, म्हणजे आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका. आतबाहेरचा फरक चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. बोइंग ७३७ सारख्या विमानात फार तर ०.६ किलो. आपल्याकडचा साधा पॅकेज बॉयलर १०.५४ किलोचा असतो. तिथल्या गेजवर ०.६ चा आकडा दिसला तर अटेंडंट म्हणेल, अजून वाफच धरलेली नाही.

आता ९ मिलिमीटरच्या गोळीचे भोक घ्या. क्षेत्रफळ ०.६४ चौरस सेंटिमीटर. दाबांचे गुणोत्तर असे आहे की हवा त्या भोकातून ध्वनीच्या वेगाने निघते आणि प्रवाह तिथेच चोक होतो. बाहेर आणखी विरळ हवा असली तरी गळती वाढत नाही. हिशेब मांडला तर सेकंदाला फार तर दहा-अकरा ग्रॅम हवा जाते. नियमाप्रमाणे विमानात माणशी मिनिटाला पाव किलो ताजी हवा यावी लागते, म्हणजे १८० माणसांसाठी सेकंदाला ७५० ग्रॅम. एरवीही ही हवा मागच्या आउटफ्लो व्हॉल्व्हमधून सतत बाहेर सोडलेली असतेच. भोक पडले तर तो व्हॉल्व्ह थोडा मिटतो, आणि दाब होता तिथे राहतो. एक सोडून पाच-सहा भोके पडली तरी चित्र फारसे बदलत नाही.

प्रत्यक्षातले उदाहरणही आहे. २२ मार्च २००८ रोजी डेन्व्हरहून शार्लटला निघालेल्या यूएस एअरवेजच्या एअरबस ए३१९ मध्ये वैमानिकाचेच पिस्तूल कॉकपिटमध्ये चुकून उडाले. गोळी विमानाच्या बाजूच्या पत्र्यातून आरपार गेली. विमान सुखरूप उतरले. ते तेव्हा उतरणीला लागलेले होते, त्यामुळे दाबाचा फरकही कमी होता, हे सांगितले पाहिजे.

म्हणजे विमानातली गोळी निरुपद्रवी आहे का? मुळीच नाही. तिचा धोका माणसांना आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे ७३ क्रमांकाचे विमान कराचीच्या विमानतळावर अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतले. ते जमिनीवरच उभे होते, दाबाचा प्रश्नच नव्हता. तरी केबिनमधल्या गोळीबारात आणि हातबाँबच्या स्फोटांत नीरजा भनोतसह अनेकांचे प्राण गेले. पुढच्याच वर्षी, ७ डिसेंबर १९८७ ला, कॅलिफोर्नियात पीएसए कंपनीच्या विमानात एका बडतर्फ कर्मचाऱ्याने वैमानिकांवर गोळ्या झाडल्या. विमान कोसळून ४३ जण दगावले, ते चालवायला कोणी उरले नाही म्हणून.

खिडकीचा अपवाद मात्र मान्य करायला हवा. विमानाच्या खिडकीला दाब पेलणारे दोन थर असतात. आपण नाक लावतो तो आतला पातळ थर निव्वळ संरक्षक. दाब पेलणारे दोन्ही थर गेले तर भोक मिलिमीटरचे राहत नाही. १७ एप्रिल २०१८ रोजी साउथवेस्टच्या विमानात तसे घडले. खिडकीत अर्धवट ओढल्या गेलेल्या एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. ती खिडकी गोळीने फुटली नव्हती. इंजिनातले पंख्याचे पाते धातूच्या थकव्याने तुटले, त्यातून उडालेला तुकडा तिच्यावर आदळला होता.

धातूचा थकवा, म्हणजे फटीग, हा आपला जुना परिचित. प्रवासी जेट विमानांच्या इतिहासात केबिन खरोखर फुटली ती अनेकदा त्याच्यामुळे. १९५४ साली ब्रिटनची दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. कारण शोधण्यासाठी फार्नबरो इथे एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून, आत पाणी भरून, दाब पुन्हा पुन्हा चढवला-उतरवला गेला. हवेऐवजी पाणी का, हे हायड्रोटेस्ट करणाऱ्यांना सांगायला नको. ३,०५७ व्या चक्राला ते फाटले. त्यातली १,२२१ चक्रे प्रत्यक्ष उड्डाणांची होती. विमानाच्या बाबतीत वय वर्षांत मोजण्यापेक्षा चक्रांत मोजावे लागते, हा धडा तिथला.

त्यानंतर विमानांचे पत्रे अशा बेताने बसवू लागले की भेग पडली तरी ती पट्टीपाशी अडावी. बोइंग ७३७ ची रचना सुमारे एक मीटर लांबीची भेग सोसेल अशी होती. नऊ मिलिमीटरचे भोक तिच्यापुढे किरकोळ. पण २८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ च्या छताचा साडेपाच मीटर लांबीचा भाग उडाला आणि एक हवाई सुंदरी त्याबरोबर गेली. एक मोठी भेग नव्हतीच; रिवेटच्या ओळीत कितीतरी बारीक भेगा एकमेकींना जाऊन मिळाल्या. ते विमान ८९ हजारांहून अधिक उड्डाणे करून चुकले होते. जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या विमानाची कथा तर दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. १९७८ साली शेपूट धावपट्टीवर घासले, मागच्या प्रेशर बल्कहेडची दुरुस्ती झाली, पण जोडपट्टी एकसंध न बसवता दोन तुकड्यांत बसली. रिवेटच्या दोन ओळींनी पेलायचा भार एका ओळीवर आला. सात वर्षे विमान उडत राहिले. १२ ऑगस्ट १९८५ ला बल्कहेड फुटला, चारही हायड्रॉलिक लाइन गेल्या, ५२० माणसे मेली.

आणि कधी भोकही लागत नाही, भेगही नाही. २० सप्टेंबर २०१८ च्या सकाळी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात केबिनला हवा देणारा ब्लीड स्विच चालू करायचाच राहिला. १६६ प्रवाशांपैकी तिसांहून अधिक जणांच्या नाकाकानांतून रक्त आले किंवा कान दुखले. विमान मुंबईला परत आणावे लागले. १४ ऑगस्ट २००५ ला ग्रीसमध्ये हेलिऑसच्या विमानातले १२१ जण याहून साध्या कारणाने गेले. देखभाल विभागाने जमिनीवर गळती-चाचणी घेतली, त्यासाठी दाबाचा स्विच ‘मॅन्युअल’वर नेला आणि तो तसाच राहिला. भोंगा वाजला, पण वैमानिकांनी तो दुसऱ्याच इशाऱ्याचा समजला.

चाचणी संपली आणि व्हॉल्व्ह चाचणीच्या जागीच राहिला, किंवा फ्लँजमधला ब्लाइंड काढायचा राहिला, हे शटडाऊननंतर आपल्या आवारात कधीच घडत नाही असे छातीठोक कोण सांगेल?

तुलना इथेच थांबवावी लागते. विमानातून गळते ती हवा. आपल्या रिअ‍ॅक्टरमधून गळते ते सॉल्व्हंट किंवा विषारी वायू, तिथे ९ मिलिमीटरचे भोक किरकोळ नसते. शिवाय केबिनमधला दाब आपोआप वाढत नाही, बिथरलेल्या रासायनिक अभिक्रियेचा वाढतो. २६ मे २०१६ ला प्रोबेस आणि २३ मे २०२४ ला अमुदान या डोंबिवलीतल्या कंपन्यांत स्फोट झाले, तेव्हा दोन्ही वेळा सुरुवातीच्या बातम्यांत ‘बॉयलर फुटला’ असेच आले. बाहेरच्यांना दाब म्हटला की बॉयलरच दिसतो. आपल्याला तरी रसायन दिसले पाहिजे.

येत्या शटडाऊनला दोन कामे करावीत. प्रत्येक भांड्याच्या लॉगबुकात बसवल्याच्या तारखेशेजारी दाब चढल्या-उतरल्याच्या चक्रांचा अंदाजे आकडाही लिहावा. बॅचवर चालणाऱ्या कंपन्यांना तो उत्पादनाच्या नोंदींतून सहज मिळेल. आणि हायड्रोटेस्टनंतर व्हॉल्व्ह व ब्लाइंड जागेवर आल्याची सही चाचणी घेणाऱ्याने न करता दुसऱ्या माणसाने, स्वतः पाहून, करावी. ज्यांच्याकडे ही पद्धत आधीपासून आहे त्यांनी आपला फॉर्म संपादकीय विभागाकडे पाठवावा. त्यातले उपयोगी नमुने पुढच्या अंकात छापू.