विश्लेषण : यंत्र महागडे, तरी घरची कॉफी कडूच का?

कॅफेत मिळते तशी कॉफी घरी जमावी म्हणून कोणी मोका पॉट आणते, कोणी फ्रेंच प्रेस, तर कोणी थेट एस्प्रेसोचे यंत्र. पहिल्या आठवड्याचा उत्साह ओसरला की यातली बरीच भांडी ओट्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतात, कारण कॉफी कडू तरी लागते किंवा पाणचट तरी. त्यात कच्चा माल महागला आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिका कॉफीने पौंडाला 4 डॉलरची पातळी ओलांडली होती. अशा वेळी फसलेला प्रत्येक कप खिशाला लागतो. मात्र चव बिघडण्याचे कारण बहुतेक वेळा यंत्रात नसते. ते कुठे असते आणि पैसे आधी कशावर खर्चावेत, याचा हा आढावा.

कपात नेमके काय उतरते?

भाजलेल्या कॉफीच्या बीचा साधारण 30 टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो; उरलेला चोथा असतो. पण हा 30 टक्के भागही सगळा कपात यावा असे नाही. 1950च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी यावर काम केले. त्यातून पुढे आलेला आडाखा आजही वापरला जातो : पुडीच्या वजनापैकी 18 ते 22 टक्के भाग पाण्यात उतरला तर कॉफी तोल सांभाळते.

याचे कारण उतरण्याच्या क्रमात आहे. आधी आंबट चवीची द्रव्ये सुटतात, मग गोडसर आणि शेवटी कडू-तुरट. अर्क कमी उतरला तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते; जास्त उतरला तर कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. दळण किती बारीक, पाणी किती गरम आणि दोघांचा संपर्क किती वेळ, या तीन गोष्टींवर हे ठरते.

इथेच घरोघरी एक गल्लत होते. ‘कडक’ आणि ‘कडू’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडकपणा पुडीच्या प्रमाणावर ठरतो, कडूपणा अर्क किती ओढून काढला यावर. कडक कॉफी हवी म्हणून तीच पूड जास्त वेळ उकळली तर हाती कडू कॉफी येते. कडक हवी असेल तर पूड वाढवावी, उकळण्याचा वेळ नव्हे.

पहिला खर्च कशावर करावा?

वजनकाटा आणि ग्राइंडर, याच क्रमाने. फिल्टर कागदातून गाळलेल्या कॉफीसाठी जगभर मान्य असलेले प्रमाण लिटरभर पाण्याला सुमारे 55 ते 60 ग्रॅम पूड असे आहे. म्हणजे 250 मिलिलिटरच्या मगासाठी 14-15 ग्रॅम. चमच्याने हे प्रमाण साधत नाही, कारण हलकी भाजलेली बी जड असते आणि जास्त भाजलेली बी फुगून हलकी होते. एकाच चमच्यात दोन्हींचे वजन वेगळे भरते. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा ही अडचण सोडवतो.

ग्राइंडरचे गणित जात्यावरून समजते. जात्याच्या दोन पाळ्यांमधले अंतर ठरलेले असते, म्हणून पीठ एकसारखे पडते. ‘बर’ ग्राइंडर याच तत्त्वावर चालतो. मिक्सरचे पाते मात्र बी तोडत जाते. त्यातून एकाच वेळी धूळही निघते आणि खडेही. धुळीतून कडवटपणा येतो, खड्यांतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात. हाताने फिरवायचा बर ग्राइंडरही मिक्सरपेक्षा कितीतरी एकसारखे दळतो. दळल्यावर कॉफीचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि सुगंध झपाट्याने उडतो, म्हणून लागेल तेवढीच बी त्या त्या वेळी दळणे केव्हाही चांगले. ग्राइंडर घेणे शक्य नसेल तर दुकानातून आपल्या भांड्याच्या हिशेबाने दळून आणावी, आणि एका वेळी थोडीच.

पाकिटावर काय पाहावे?

पहिली गोष्ट चिकोरी. फिल्टर कॉफीच्या आणि इन्स्टंट कॉफीच्याही अनेक पाकिटांत चिकोरीच्या भाजलेल्या मुळाची पूड मिसळलेली असते. त्यात कॅफिन नसते. रंग गडद येतो आणि अर्क दाट वाटतो. भारतीय अन्न सुरक्षा नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते आणि दोन्हींची टक्केवारी पाकिटावर छापावी लागते. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहूनही पाकिटातला 49 टक्के माल कॉफी नसू शकतो. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीत थोडी चिकोरी अनेकांना मनापासून आवडते, त्यात गैर काही नाही. पण ती माहीत असून घेणे वेगळे आणि कॉफीच्या भावाने नकळत घेणे वेगळे. बारीक अक्षरातली ती ओळ वाचण्याला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट तारीख. भाजल्यानंतर बीमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो आणि सुगंध हळूहळू कमी होतो. त्यामुळे पॅकिंगच्या तारखेपेक्षा भाजल्याची तारीख महत्त्वाची. ती छापणारे विक्रेते आता देशात बरेच आहेत. भाजल्यापासून साधारण एक ते पाच-सहा आठवड्यांचा काळ चवीसाठी चांगला. साठवण हवाबंद डब्यात, उजेड आणि उष्णतेपासून दूर करावी. रोज उघडायचा डबा फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर काढताच त्यावर दव धरते आणि कॉफी शेजारच्या भाजीचा, लसणाचा वासही ओढून घेते.

तिसरी गोष्ट बीचा वाण. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते, चव अधिक कडवट आणि जाड. देशातील उत्पादनात रोबस्टाचा वाटा मोठा आहे आणि बहुतांश कॉफी कर्नाटकातून येते. कूर्ग, चिकमगळूर आणि बाबाबुदनगिरीची अरेबिका, वायनाडची रोबस्टा आणि आंध्रातील अराकू खोऱ्याची अरेबिका यांना 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भारतीय कॉफीचा मोठा हिस्सा निर्यात होतो, पण ताजी भाजलेली देशी बी आता घरबसल्या मागवता येते. आयात डब्यासाठी जास्त पैसे मोजण्याआधी तिची चव पाहावी.

पाण्याने एवढा काय फरक पडतो?

काळ्या कॉफीचा सुमारे 98 टक्के भाग पाणीच असतो. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चव ओढून आणायला मदत करतात. बोअरवेलचे जड पाणी चव दडपते आणि यंत्रात क्षार साठवते. उलट आरओ यंत्राने क्षार जवळपास शून्यावर आणलेल्या पाण्यात कॉफी बेचव, अणकुचीदार लागते. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला 150 मिलिग्रॅमच्या आसपास असलेले पाणी कॉफीला मानवते. मुंबईसारख्या शहरात धरणाचे मुळातच मऊ असलेले पाणी साध्या फिल्टरमधून घेतले तरी पुरते.

तापमानाचा मात्र उगाच बाऊ केला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2020 मध्ये 87, 90 आणि 93 अंश सेल्सियसला केलेली ड्रिप कॉफी तपासली. कडकपणा आणि उतरलेला अर्क सारखा ठेवला तर तापमानाने चवीत फारसा फरक पडला नाही. उकळी आल्यावर गॅस बंद करून अर्धा-एक मिनिट थांबणे घरी पुरेसे आहे. खूप गडद भाजलेली बी असेल तर आणखी थोडे थांबावे.

कोणत्या भांड्याची काय मागणी?

दाक्षिणात्य फिल्टर : पूड वरच्या डब्यात हलकेच सपाट करावी, दाबून ठासू नये. थोडे गरम पाणी घालून पूड भिजू द्यावी, मग उरलेले ओतावे. अर्क उतरायला पंधरा-वीस मिनिटे किंवा अधिक लागतात. तो पुन्हा उकळू नये. दूध गरम करून त्यात मिसळावे.

फ्रेंच प्रेस : नवशिक्यांसाठी सर्वात सोपी पद्धत. दळण जाड रव्यासारखे, अर्धा लिटर पाण्याला 30 ग्रॅम पूड, चार मिनिटे. दट्ट्या सावकाश दाबावा आणि कॉफी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतावी. चोथ्यावर राहिलेली कॉफी कडू होतच जाते.

कागदी फिल्टरची पद्धत : जर्मनीतील ड्रेस्डेनच्या गृहिणी मेलिटा बेन्ट्झ यांनी 1908 मध्ये मुलाच्या वहीतला टिपकागद वापरून ती शोधली. दळण बारीक रव्यासारखे, 15 ग्रॅमला 250 मिलिलिटर पाणी. आधी 40 मिलिलिटर पाणी टाकून अर्धा मिनिट पूड फुलू द्यावी, मग उरलेले टप्प्याटप्प्याने ओतावे. सुमारे तीन मिनिटांत पाणी खाली उतरले पाहिजे. लवकर उतरले तर पुढच्या वेळी बारीक दळावे, रेंगाळले तर जाड.

मोका पॉट : इटलीत 1933 पासूनचे भांडे. खालच्या भागात सुरक्षा झडपेच्या खालपर्यंतच पाणी भरावे आणि ते आधीच गरम केलेले असावे, म्हणजे पूड चुलीवर करपत नाही. दळण मिठाइतके बारीक. पूड दाबू नये, आच मंद ठेवावी आणि फुरफुर आवाज सुरू होताच उतरवावे. मोका पॉटची कॉफी कडू लागते अशी तक्रार असलेल्या घरांत बहुधा आच मोठी असते.

कोल्ड ब्रू : जाड दळण, एक भाग पुडीला आठ भाग पाणी, फ्रिजमध्ये 12 ते 16 तास. गाळून पाणी किंवा दूध घालून प्यावे. यंत्र लागत नाही आणि कडवटपणाही कमी उतरतो.

खोक्यावरच्या ‘15 बार’चा अर्थ काय?

एस्प्रेसोसाठी साधारण 9 बार दाब लागतो, म्हणजे वातावरणाच्या नऊपट. खोक्यावर छापलेले 15 किंवा 20 बार ही पंपाची कमाल क्षमता असते. आकडा मोठा म्हणून कॉफी चांगली, असे नाही. मोका पॉटमध्ये दाब जेमतेम एक-दोन बारचा असतो, म्हणून त्यातली दाट कॉफी चांगली असली तरी ती एस्प्रेसो नव्हे.

स्वस्त यंत्रांसोबत दुहेरी तळाची जाळी येते. तिच्या एकाच बारीक छिद्रातून कॉफी जबरदस्तीने बाहेर पडते आणि फेस तयार होतो, पूड शिळी असली तरीही. म्हणजे तो फेस चांगल्या कॉफीची खूण नव्हे. साध्या, एकेरी जाळीत मात्र लबाडी चालत नाही. 18 ग्रॅम पुडीतून 25 ते 30 सेकंदांत सुमारे 36 ग्रॅम एस्प्रेसो यावी, हा सुरुवातीचा अंदाज. त्यासाठी दळण कणभर इकडे-तिकडे करता येणारा ग्राइंडर लागतो. तो नसेल तर यंत्र कितीही महाग असो, उपयोग नाही.

कॅप्सूलच्या यंत्रात ही कटकट नसते, कारण दळण आणि वजन कंपनीने ठरवलेले असते. पण एका कॅप्सूलमध्ये पाच-सहा ग्रॅमच कॉफी असते, ग्रॅममागचा दर सुट्या बीपेक्षा बराच चढा पडतो आणि प्रत्येक कपामागे कचऱ्याची एक डबी उरते.

जायफळाची दूध-कॉफी चुकीची?

अजिबात नाही. लग्नघरात आणि पाहुण्यांपुढे येणारी जायफळ-वेलचीची गोड कॉफी हा वेगळा पदार्थ आहे आणि तिची गोडी दुधातून येते. तिच्यातही एक सुधारणा शक्य आहे. पूड दुधात खळाखळा उकळण्याऐवजी दाट अर्क वेगळा काढून गरम दुधात घालावा. जायफळ शेवटी किसावे. दूध 60-65 अंशांपर्यंत तापलेले असताना गोडसर लागते. फार उकळले की शिजका वास चढतो.

आरोग्याचे काय?

न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचे तेलकट द्रव्य असते आणि ते रक्तातील ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढवते. कागदी फिल्टर ते जवळपास पूर्ण अडवतो; फ्रेंच प्रेस किंवा उकळलेल्या कॉफीत ते कपात येते. कोलेस्टेरॉलची तक्रार असलेल्यांनी कागदी फिल्टर निवडणे शहाणपणाचे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मते निरोगी प्रौढांनी दिवसाला 400 मिलिग्रॅम आणि गर्भवतींनी 200 मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा पाळावी.

हिशेब काय सांगतो?

समजा, 250 ग्रॅम ताजी बी 500 रुपयांना मिळाली. त्यात 15 ग्रॅमचे सोळा मग होतात, म्हणजे मगाला सुमारे 31 रुपये. तीच बी 30 हजारांच्या यंत्रात वापरली आणि वर्षभरात 300 कप झाले, तर पहिल्या वर्षी प्रत्येक कपावर यंत्राचेच 100 रुपये चढतात. यंत्र घेऊ नये असा याचा अर्थ नाही. जे रोज एस्प्रेसो पितात त्यांना ते परवडेलही. पण ते खरेदीच्या यादीत शेवटी यावे. आधी ताजी बी, मग काटा, मग ग्राइंडर, मग एखादे साधे भांडे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी : आंबट लागली तर बारीक दळा, कडू लागली तर जाड, पाणचट लागली तर पूड वाढवा. एवढे केल्यावरही एस्प्रेसोच हवीशी वाटली, तर तोवर घरात आलेला ग्राइंडर त्या यंत्रालाही उपयोगी पडेल. मात्र तो एस्प्रेसोइतके बारीक दळणारा आहे ना, हे घेतानाच पाहावे.